विरजणाची दाढ

तोंडातला घास काढून घेणाऱ्या सुनांच्या गोष्टी महानंदाबाई हत्तुरेंनी पुष्कळ ऐकल्या होत्या. मुठीतला दात काढून घेणारी सून मात्र त्यांनी पहिल्यांदा बघितली, आणि तीही आपल्याच घरात, अकरा बायांसमोर.

झालं ते असं. सकाळचे नऊ वाजले होते. सोलापुरात शेळगीला त्यांच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं कडक भाकरीचे अकरा तवे तापलेले होते. सात वर्षांची नात गिरिजा पेरू खात खात आली आणि पेरूतच तिचा दात राहिला. खालचा, मधल्या दोन दातांच्या शेजारचा. महानंदाबाईंनी, ज्यांना सगळी शेळगी आक्का म्हणते, तो दात पदराला पुसला, मुठीत धरला आणि नातीला घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. दुधाचा दात पत्र्यावर फेकायचा आणि उंदराकडं त्याच्यासारखा बारीक, पांढरा दात मागायचा, ही त्यांच्या आजीच्या आजीपासूनची रीत. गेल्या वर्षी गिरिजाचे दोन दात त्यांनी असेच वर धाडले होते.

हात मागं घेतला तोच सृष्टी चपला फटफटवत धावत आली. तिच्या हातात पेढ्याच्या डबीएवढी निळी डबी होती, आतून थंड वाफ येत होती.

"आत्या, थांबा. टाकू नका तो."

"मग काय करू? नथीत घालू?"

सृष्टी पुढं झाली. सासूची मूठ धरली, एकेक बोट उघडलं, दात उचलला, डबीत टाकला, झाकण दाबलं. "चार तासांत पोचायला लागतो," एवढं म्हणाली आणि स्कूटर काढून गेलीसुद्धा.

आक्का रिकामा तळवा घेऊन उभ्या. शेडमध्ये इरव्वाचा हात भाकरी थापता थापता थांबला होता.

"माझ्याकडं काय बघालीस," आक्का म्हणाल्या, "तव्याकडं बघ. करपली तर तुझ्याच ताटात वाढीन."

या सुनेची हीच तर तक्रार होती. आठ वर्षांत एकदाही उलट बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर आक्कांना जिंकता तरी आलं असतं. ही गप बसायची, आणि मनातलं न विचारता करून मोकळी व्हायची. शेडमधल्या चुली काढून विजेच्या भट्ट्या बसवल्या, न विचारता. पुड्यांवरचं आक्कांचं चित्र बदललं, न विचारता. नव्या चित्रात त्या हसत होत्या, ओठ मिटून. मुलगा मल्लिनाथ पुण्याला माल घेऊन जायचा, आठवड्यातून दोन दिवस घरी. त्याच्याकडं तक्रार केली की तो म्हणायचा, "आई, पण भट्टी चांगली आहे ना?" मूल जन्माला घालून हे ऐकायचं.

ओठ मिटून का, ते आक्कांना माहीत होतं. सृष्टीलाही माहीत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

कडक भाकरी दिसायला सोपी असते. कागदासारखी पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर तिच्यातलं पाणी पार निघेपर्यंत वाळवायची. नीट जमली तर दोन महिने राहते, दिल्लीला जाते, परदेशी जाते. ओल राहिली तर आठ दिवसांत बुरशी धरते. ओल आहे का नाही, ते सांगणारं यंत्र मल्लिनाथनं आणलं होतं. आक्का त्याला विचारत नसत. यंत्र भाकरीच्या अंगावरची ओल सांगतं, पोटातली नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. त्या प्रत्येक लॉटमधली एक भाकरी घ्यायच्या, दाढेखाली धरायच्या. 'कट्' वाजली की लॉट पास. 'मच्' झालं की परत भट्टीवर. पंचवीस वर्षं शेळगीतून एकही लॉट आक्कांच्या दाढेखालून गेल्याशिवाय बाहेर गेला नव्हता, आणि दुकानदार पुड्याची तारीख बघत नसत, आक्कांचं नाव बघत.

फक्त दोन वर्षांपासून त्या दाढा नव्हत्या. खालच्या बाजूच्या सगळ्या हलून हलून गेल्या होत्या. आक्कांनी कुणाला सांगितलं नाही. भाकरीचा तुकडा तोंडात घालायचा, गालाआड अंगठ्यानं मोडायचा. 'कट्' तर वाजायचंच. अंगठ्याला ओल कळत नाही, एवढीच अडचण. पंधरा दिवसांपूर्वी लातूरहून एक पूर्ण लॉट परत आला होता, हिरवा पडून. आक्कांनी सगळ्यांसमोर इरव्वाला धरलं. तिची थाप जाड पडते, असं म्हणाल्या. इरव्वा पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून इतकी पातळ थापायला लागली की निम्म्या भाकरी तव्यावरच फाटायच्या.

संध्याकाळी सृष्टी परत आली. चहा ठेवला, कप आक्कांपुढं ठेवला आणि समोर बसली.

"आत्या, तो दात तुमच्यासाठी ठेवलाय. उद्या अकराला बागवान डॉक्टरांकडं जायचंय."

"माझ्यासाठी? पोरीचा दात मी तोंडात घालू? मला काय समजलीस?"

"लातूरचा लॉट तुम्ही चावला नव्हता." सृष्टी कपाकडं बघत म्हणाली. "अंगठ्यानं मोडला. मी बघितलंय."

आक्कांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "अकराला ना? त्या डॉक्टरणीलाच विचारते, तुला हे धंदे कुणी शिकवले ते."

डॉ. तस्नीम बागवान आवाज न चढवता बोलणारी बाई होती. तिनं आक्कांचं तोंड उघडायला लावलं, आत दिवा धरला आणि हिरडीत एक बोथट काडी हळूच सरकवली.

"आक्का, चांगल्या हिरडीत ही काडी दोन-तीन मिलिमीटर जाते. तुमच्या इथं आठ गेली. दात आणि हिरडीच्या मध्ये खिसा झालाय. त्यात घाण साठते, दगडासारखी कडक होते, मग आतलं हाड झिजतं. दात किडून नाही पडले तुमचे. धरून ठेवणारी जमीनच गेली. मिश्री किती वर्षं?"

"लग्नाआधीपासून. मिश्रीनं दात घट्ट होतात."

"बधिर होतात. दुखायचं थांबतं, म्हणून घट्ट वाटतात. जळालेली तंबाखू आहे ती. हिरडीचं रक्त आटवते. रक्त आलं असतं तर तुम्ही दहा वर्षं आधी आला असता माझ्याकडं."

"आले असते तर तू दहा वर्षं आधी बोलली असतीस. कान तरी वाचले."

डॉक्टर हसली. तिनं कवळीचं विचारलं. कवळी होती, डबीत. कडक भाकरीखाली ती घोड्याच्या नालेसारखी टकटक हलायची. हाडात स्क्रू बसवून दात लावता येतो, पण स्क्रू धरायला हाड लागतं आणि आक्कांचं खालचं हाड पातळ झालेलं, त्यात साखरेचा आजार. म्हणजे राहिलं दंतबीज.

दंतबीज सोलापुरात येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. डॉक्टरनं ते आक्कांना असं समजावलं. लहान मुलाचा पुढचा दुधाचा दात पडतो तेव्हा त्याच्या पोटात इवलासा मऊ गर शिल्लक असतो, आणि तो जिवंत असतो. त्यातल्या पेशी अजून काहीही व्हायला तयार असतात: हाड, नस, दात. दात सुकायच्या आत थंड डबीत आणला तर त्या काढून घेता येतात. प्रयोगशाळेत त्यांचं तिळाएवढं बी बनवतात. ते जबड्यात लावलं की आजूबाजूचं हाड त्याला सांगतं, तू कुठं आहेस, दाढेच्या जागी का पुढं. तसा तो दात वाढतो. दहा महिन्यांत हिरडी फोडून वर येतो आणि येताना आपल्याभोवती नवं हाड घेऊन येतो.

"विरजणासारखं," आक्का म्हणाल्या.

"अगदी तसंच. दुसऱ्याच्या घरचं विरजण, पण दूध तुमचं. रक्ताच्या नात्यातलं असलं तर लागतं. मात्र एका दातातून एकच बी. पेशी फार वाढवत नेल्या की त्या म्हाताऱ्या होतात, विरजण दहाव्या दिवशी आंबतं तसं. तुमची वरची डावी दाढ अजून घट्ट आहे. तिला खालून एक जोडीदार दिला तर तुम्ही चावाल."

"मग गिरिजाचे बाकीचे दात? वरचे?"

डॉक्टरनं सृष्टीकडं बघितलं. सृष्टीनं खाली.

"वरचे चार तिसऱ्या वर्षीच काळे पडले ना तिचे," डॉक्टर म्हणाली. "ते काढावे लागले. बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही, आक्का. झोपेत लाळ आटते, गोड दूध दातावर तसंच बसून राहतं. आणि खालचे मधले दोन..."

"पत्र्यावर," आक्का म्हणाल्या.

बाटली कोण देत होतं, ते कुणी विचारलं नाही. दोन चमचे साखर घालून आक्काच देत होत्या, पोर रडू नये म्हणून. खालचे मधले दोन पत्र्यावर. म्हणजे कामाचे उरले दोनच: एक काल पडलेला, एक अजून तोंडात.

"अट एकच," डॉक्टर म्हणाली. "मिश्री बंद. कमी नाही, बंद. बियाला पहिल्या चार महिन्यांत रक्त लागतं. तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आखडतात आणि बी उपाशी मरतं. दोन वेळा मऊ ब्रशनं घासायचं, हिरडीपासून दाताकडं, रेटायचं नाही. जेवल्यावर खळखळून चूळ. साखर ताब्यात. जमेल?"

"मी अकरा बाया ताब्यात ठेवते," आक्का म्हणाल्या. "साखर काय घेऊन बसलीस."

बी लावलं. कळलंसुद्धा नाही, डावा गाल दोन दिवस जड झाला एवढंच. मिश्री सोडल्याचं मात्र कळलं. सकाळी उठल्यावर हात आपोआप खिडकीतल्या डबीकडं जायचा, तिथं डबी नसायची. चहाला चव लागेना. पोट साफ होईना. शेडमधल्या बाया दुपारी आपापली डबी काढायच्या तेव्हा आक्का उठून भाकऱ्या मोजायला जायच्या. मोजून झाल्या की परत मोजायच्या. त्या दिवसांत सगळ्यांनी आक्कांच्या जिभेचे फटके खाल्ले, यंत्रानंसुद्धा. लॉट पास करायला तेच होतं आणि आक्का रोज त्याला आंधळं म्हणायच्या.

गिरिजाला या सगळ्याची मोठी मजा वाटायची. शाळेत तिनं सांगून टाकलं होतं की तिचा दात आज्जीच्या तोंडात राहायला गेलाय. रोज दप्तर टाकलं की ती आक्कांच्या डाव्या गालाला कान लावायची.

"आज्जी, काय करतोय तो?"

"झोपलाय. तुझ्यासारखा आळशी आहे."

दीड महिन्यानं डॉक्टरनं जबड्यावरून कांडी फिरवली आणि पडद्यावर मोहरीएवढा पांढरा ठिपका दाखवला. आक्का तिसरीपर्यंत शिकलेल्या, त्यांना पडद्यावरचं काही वाचता येत नव्हतं. पण तो ठिपका त्यांनी बराच वेळ बघितला. घरी येताना स्कूटरवर मागं बसून सृष्टीला म्हणाल्या, "गाडी जरा सावकाश घे." सुनेशी बऱ्याच दिवसांत बोललेलं ते पहिलं साधं वाक्य होतं.

तिसरा महिना संपत आला तेव्हा वळसंगला त्यांची थोरली बहीण निंगव्वा गेली.

आक्का पाच दिवस राहिल्या. दुखवट्याच्या घरात बायांना काम नसतं. भिंतीला टेकून बसायचं, येणाऱ्याच्या गळ्यात पडायचं, परत बसायचं. आणि बसलेल्या बायांत मिश्रीची डबी फिरते. एकीनं चिमूट घेतली की दुसरीकडं सरकते. कुणी बोलत नाही, आणि तेच बोलणं असतं. पहिल्या दिवशी डबी आक्कांपुढं आली तशी त्यांनी पुढं सरकवली. भावजय म्हणाली, "शहरात राहून आमच्यातली राहिली नाहीस." दुसऱ्या दिवशी पुढं आली ती डबी निंगव्वाची होती, पितळेची. त्यांच्या लग्नात दोघी बहिणींना आईनं सारख्या दोन दिल्या होत्या.

आक्कांनी विचार केला. बी डाव्या बाजूला आहे. मिश्री उजव्या बाजूनं लावली, डावीकडं जाऊ दिली नाही, तर त्याला कसं कळणार? दळण एका जात्यात आणि पीठ दुसऱ्यात, असं कधी होतं का? त्यांनी चिमूटभर घेतली, मान उजवीकडं कलती ठेवून. डोळ्यांत पाणी आलं. निंगव्वासाठी आलं का मिश्रीनं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पाचही दिवस त्या मान कलती करून बसल्या. लोकांना वाटलं, दुःखानं.

सोलापूरला परतल्यावर डॉक्टरनं कांडी फिरवली, परत फिरवली. ठिपका विरघळत चालला होता. तिनं आक्कांच्या जिभेखाली कागदाची एक पट्टी धरली. पट्टी तांबूस झाली.

"आक्का, मिश्री?"

"नाही."

डॉक्टरनं पट्टी उलटी करून ट्रेमध्ये ठेवली.

"रक्ताला बाजू नसते, आक्का. हिरडीतून आत गेलं की सगळीकडं जातं," ती हळूच म्हणाली. आणि सृष्टीला आत बोलावल्यावर एवढंच म्हणाली, "बी रुजलं नाही. काही वेळा नाही रुजत."

त्या दिवशी सृष्टीनं सासूला आधाराला हात दिला, रिक्षा बोलावली, आणि संध्याकाळी मऊ खिचडी केली. शब्दानं काही विचारलं नाही. आक्कांना ती खिचडी गिळवेना. भांडली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं गिरिजाचा खालचा दुसरा दात हलायला लागला. निळी डबी फ्रीजमधून निघून परत स्वयंपाकघराच्या ओट्यावर आली.

"हा पडला की परत लावू, आत्या," सृष्टी कणीक मळता मळता म्हणाली. "डॉक्टरांशी बोललेय मी."

आक्का "बघू" म्हणाल्या. मनातून त्यांना हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली. पण लाज काही कुणाला दिसत नव्हती.

त्याच आठवड्यात सृष्टी प्रदर्शनासाठी पुण्याला गेली. गिरिजाच्या तपासणीची तारीख तीच होती, म्हणून आक्का तिला घेऊन गेल्या. डॉक्टरनं पोरीचा वरचा जबडा पडद्यावर घेतला. दुधाच्या दातांच्या वर, हिरडीच्या आत, येणारे पक्के दात कळ्यांसारखे रांगेत बसलेले दिसत होते. आक्कांना वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. आयुष्यभर त्यांनी भाकऱ्यांच्या चळती नजरेनं मोजल्या होत्या आणि एक कमी असली तर लांबूनच ओळखली होती.

"इकडं सुळ्याच्या अलीकडं दोन आहेत," त्या म्हणाल्या. "तिकडं एकच. वरती, पुढं."

डॉक्टर थांबली. "गिरिजा, बाहेर मासे बघ जा," म्हणाली. ती गेल्यावर खुर्ची जवळ ओढली.

"तो दात तिला येणार नाही, आक्का. काही मुलांत एखाद्या दाताची कळीच तयार होत नाही. कुणाची चूक नसते. सृष्टीताईंना दोन वर्षांपासून माहीत आहे. त्यांनी सांगितलं नाही?"

"ती कधी काय सांगते?"

"म्हणूनच, ते दोन पत्र्यावर गेल्यावर, त्या मला गिरिजाचे उरलेले दात ठेवायचे म्हणून विचारायला आल्या होत्या. एक तिच्यासाठी."

"आणि आता उरलाय तो एकच."

"हो."

"तो मला द्यायला निघालीय."

"मी त्यांना समजावून बघितलं," डॉक्टर म्हणाली. "त्यांचा हिशेब वेगळा आहे. गिरिजा अठराची झाली की तिला स्क्रूचा दात बसेल, तिचं हाड चांगलं असणार. तुम्हाला दुसरा उपाय नाही. आणि त्या म्हणाल्या, शेडमध्ये अकरा घरं आत्यांच्या चावण्यावर जेवतात."

"अठरापर्यंत पोरीनं काय करायचं?"

"तारेवरचा खोटा दात लावायचा, काढायचा, घालायचा. थोडं ओठ मिटून हसायचं."

काचेपलीकडं गिरिजा माशांना दात दाखवत होती, असलेले आणि नसलेले. आक्का उठल्या, पदर सारखा केला. "परत पट्टी लावायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "मिश्री लावली होती मी. पाच दिवस. उजव्या बाजूनं."

"माहीत आहे," डॉ. बागवान म्हणाली.

दात शनिवारी पडला, शाळेला सुट्टी होती तेव्हा. गिरिजानं स्वतःच जिभेनं ढकलून ढकलून पाडला आणि शेडमध्ये आणून आईच्या तळहातावर ठेवला. सृष्टीनं डबी उघडली, दात आत टाकला, झाकण दाबलं आणि स्कूटरची किल्ली घ्यायला वळली.

"थांब," आक्का म्हणाल्या. "चार तास आहेत. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. इकडं ये."

सकाळचा लॉट जाळीवर होता. यंत्रानं त्याला पास केलं होतं. बाया पुडे भरायला बसल्या होत्या. आक्कांनी मधली एक भाकरी काढली आणि सुनेपुढं धरली.

"चाव."

"मी?"

"तुला बत्तीस आहेत. मला मोजून सहा. चाव, दाढेखाली धर. घाई नको."

सृष्टीनं सासूकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं आणि तुकडा मोडून दाढेखाली धरला. पुडे भरणारे हात थांबले. बारीकसा आवाज झाला. तिनं पुन्हा चावलं, दुसऱ्या बाजूनं. मग उरलेली भाकरी उलटून बघितली.

"बोल की."

"कडेला वाजते," सृष्टी म्हणाली. "मधे ओल आहे, आत्या."

"यंत्र पास म्हणालंय. मीही सकाळी अंगठ्यानं मोडून बघितली. कट् वाजली."

"वाजली असेल." सृष्टीनं बोटांवरचे कण झटकले. "पण ओल आहे. हा लॉट जाणार नाही."

आठ वर्षांतलं ते पहिलं उलट उत्तर. आक्कांनी तिच्या हातातली उरलेली भाकरी घेतली, मधून दुमडली. भाकरी मोडायच्या आधी किंचित वाकली. कोवळी, चिवट.

"इरव्वा," त्या वळून म्हणाल्या, "हा लॉट परत भट्टीवर घाल. आणि ऐक. लातूरच्या लॉटमध्ये तुझी थाप जाड नव्हती. मला दाढा नव्हत्या. तुझी पहिली थाप चांगली होती, तशी थाप. ही फाटकी कागदं बंद कर."

इरव्वा पदर तोंडाला लावणार होती. तिनं तो खाली घेतला आणि "बरं, आक्का," म्हणाली.

"आत्या, मी निघते," सृष्टी म्हणाली. "डॉक्टर वाट बघत असतील. तुमची वेळ..."

"माझी वेळ मी रद्द केलीय. जाऊन सांग, हे बी गिरिजाच्या नावानं गोठवून ठेवायचं. ती मोठी झाली की तिच्याच तोंडात जाईल."

"पण आत्या, तिला नंतर स्क्रूचा..."

"स्क्रू दाराला लावतात. आणि माझं ऐक, पहिलं बी आपोआप मेलं नाही. वळसंगला मी मिश्री लावली. डॉक्टरणीला माहीत होतं, तिनं झाकलं. परत कुणी गेलं, परत कुणी डबी पुढं केली, तर मी लावणार नाही, असं मी आज छातीठोक सांगू शकत नाही. पोरीचा शेवटचा दात मी माझ्या भरवशावर लावू?"

सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काहीतरी बोलणार होती. आक्कांनी हात वर केला. बाया पुडे सोडून बघत होत्या. आज त्यांना कुणीच तव्याकडं बघ म्हणालं नाही.

"मला बोलू दे, मग जा," आक्का म्हणाल्या. "उद्यापासून लॉट तू चावायचा. दोन्ही बाजूंनी, आत्ता चावलास तसा. तू नाही म्हणालीस तर मी हो म्हणाले तरी माल जाणार नाही. आणि तुझं वागणं. आठ वर्षं बघतेय मी. चुली न विचारता काढल्यास, चित्र न विचारता बदललंस, पोरीचा दात न विचारता मला देऊन टाकलास, तिलासुद्धा न विचारता. वाईट खोड आहे ही तुझी, फार वाईट. पण ती सोडू नकोस, सृष्टी. हे सगळं आता तुलाच चालवायचंय, आणि विचारत बसणाऱ्या बाईकडून ते चालणार नाही."